पुनरागमन : मुंबईच्या एका रॉक-वाद्यवृंदाची कथा

कलेच्या क्षेत्रांत पहिलें यश मिळविणें कठीण असतें, हें सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु त्याहूनहि कठीण अशी एक गोष्ट आहे. एकदां मिळालेलें यश हातचें गेल्यावर आणि मध्यें दहा-पंधरा वर्षांचा काळ लोटल्यावर पुन्हां श्रोत्यांसमोर येऊन उभें राहणें, ही ती गोष्ट होय. पहिल्या वेळीं कलावंताची तुलना इतरांशीं होते. दुसऱ्या वेळीं ती त्याच्या स्वतःच्याच गत काळाशीं होते. इतरांना मागें टाकणाऱ्या कलावंतांची संख्या मोठी आहे. स्वतःच्या तारुण्याला मागें टाकणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

विदर्भांतील श्रोत्यांना ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९३१ सालीं आपल्या देशांत बोलपटाचें युग सुरू झालें आणि पाहतां पाहतां मराठी संगीत नाटकाची रया गेली. नाटकगृहांचीं चित्रपटगृहें झालीं, नामांकित मंडळ्या मोडल्या, आणि ज्या पदांसाठीं लोक रात्र रात्र जागत तीं पदें केवळ तबकड्यांवर उरलीं. तीन तपांनंतर, १९६७ सालीं, नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याचें संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें होतें, आणि त्यांतील खांसाहेबांची भूमिका मूर्तिजापुरास जन्मलेल्या व नागपुरांत वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांची होती. ऐन उमेदीचीं कित्येक वर्षें लष्करी हिशेब खात्याच्या कचेरींत घालविलेला हा गायक पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतां घराघरांत पोहोंचला, आणि त्याच्याबरोबर संगीत नाटकालाहि नवी उभारी आली. मात्र तें जसेंच्या तसें परत आलें नाहीं. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाच्या जागीं आटोपशीर प्रयोग आला, पदांची संख्या घटली, चालींचा बाज बदलला. जुनें तें परत आलें, पण नवें होऊन परत आलें.

कुमार गंधर्वांची गोष्ट ह्याहूनहि बोलकी आहे. थोरामोठ्या गवयांच्या गायनाची हुबेहूब नक्कल करून त्यांनीं बालपणींच कीर्ति मिळविली होती. १९४८ सालीं क्षयाच्या विकारामुळें ते मुंबई सोडून माळव्यांतील देवास येथें राहावयास गेले. डॉक्टरांनीं गाणें बंद केलें. कित्येक वर्षें अंथरुणावर गेलीं, आणि त्या काळांत माळव्यांतील खेडुतांचीं गाणीं त्यांच्या कानांवर पडत राहिलीं. त्या वेळीं नव्यानेंच निघालेल्या स्ट्रेप्टोमायसीन ह्या औषधानें ते वांचले. परंतु एक फुप्फुस कायमचें निकामी झालें होतें. १९५० नंतरच्या दशकांत ते पुन्हां बैठकीवर बसले, तेव्हां श्रोत्यांना पूर्वीचा तो अद्भुत बालगायक भेटला नाहीं. लहान लहान, धारदार स्वरवाक्यांची एक निराळीच गायकी भेटली. आजारानें घातलेली मर्यादा त्यांनीं शैलींत विरघळवून टाकली होती.

ह्याच जातीची एक कथा अगदीं निराळ्या प्रांतांत घडली आहे. तो प्रांत म्हणजे ज्याला 'हार्ड रॉक' म्हणतात त्या पाश्चात्य संगीताचा, आणि कथेचा नायक आहे मुंबईचा 'इंडस क्रीड' हा वाद्यवृंद. १९९७ सालीं मोडलेली ही मंडळी २०१० सालीं पुन्हां एकत्र आली आणि २०१२ सालीं तिनें 'इव्हॉल्व्ह' नांवाचा नवा गीतसंग्रह ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केला. त्याचें रसिकांनीं आणि टीकाकारांनीं चांगलें स्वागत केलें. ही हकीगत नीट समजावयाची तर प्रथम त्या संगीताचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

ज्या घरांत अभंग, नाट्यगीत आणि भावगीत ही त्रयी नांदते, त्या घरांतील वडील मंडळी हार्ड रॉकचें नांव ऐकतांच कानांवर हात ठेवतात. परंतु निकाल देण्यापूर्वीं आरोपीचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें होईल. येथें 'रॉक' म्हणजे खडक नव्हे. डोलणें, हेलकावणें अशा अर्थाच्या इंग्रजी क्रियापदापासून हें नांव आलें आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या 'ब्लूज' वगैरे गीतप्रकारांतून १९५० च्या सुमारास 'रॉक अँड रोल' हें संगीत निघालें. पुढें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंतील तरुणांनीं त्याला अधिक भारदस्त आणि अधिक कडक रूप दिलें. तेंच हार्ड रॉक.

ह्या संगीताचें मुख्य वाद्य विजेची गिटार होय. तिची रचना पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत शोभण्यासारखी आहे. पोलादी तारांच्या खालीं लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची तार छेडली कीं चुंबकीय क्षेत्र थरथरतें, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक यंत्र त्याला मोठें करतें. यंत्राच्या आवांक्याबाहेरचा प्रवाह त्यांत सोडला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उसळून वर येतात. रेडिओचा आवाज फार वाढविला असतां तो फाटतो, हा सर्वांचा अनुभव आहे. रॉकच्या वादकांनीं ह्या दोषालाच अलंकार बनविलें. गिटारचा तो घोगरा, गुरगुरणारा नाद म्हणजे असा जाणूनबुजून फाडलेला स्वर होय.

ह्यांत मराठी श्रोत्यांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. हा वादक पुष्कळदां दोनच स्वर एकदम छेडतो, आणि ते दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याची नेहमींची जुळणी ज्या जोडीवर उभी आहे तीच ही जोडी. ह्याचें कारण गणिती आहे. षड्ज व पंचम ह्यांच्या कंपनसंख्यांचें प्रमाण २ : ३ असें आहे. फाटलेल्या नादांत ह्या दोहोंच्या वजाबाकीइतका, म्हणजे १ ह्या प्रमाणाचा, आणखी एक स्वर आपोआप निर्माण होतो; आणि तो स्वर असतो त्या षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज. म्हणून दोन तारांतून तिघांचा गजर ऐकूं येतो. ह्या जोडींत गांधार मिसळला, तर उपस्वर एकमेकांत अडकतात व नाद गढूळ होतो. दूरदूरच्या दोन परंपरा एकाच निसर्गनियमाच्या दारीं येऊन पोहोंचल्या, हें पाहून कोणाहि विचारी माणसास कौतुक वाटेल.

तालाची गोष्टहि लक्षांत घेण्यासारखी आहे. आवर्तन बहुधा चार मात्रांचें असतें. मोठा ढोल पायानें वाजतो, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर लहान ढोलाची कडक थाप पडते. समेची वाट पाहणाऱ्या कानाला ही थाप प्रथम भलत्याच जागीं पडल्यासारखी वाटते. सवय झाली म्हणजे तीच थाप पाय हलवावयास लावते. ह्या ठेक्यावर एक लहानसें स्वरवाक्य पुन्हां पुन्हां फिरत राहतें. त्याला 'रिफ' असें नांव आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनाच्या वेळीं हार्मोनियमवर किंवा सारंगीवर जो लेहरा धरतात, त्याचें काम आणि रिफचें काम पुष्कळ अंशीं सारखेंच आहे.

जोरकस ठेक्याचें सामर्थ्य वर्धा जिल्ह्याला नव्यानें सांगावयास नको. १९३६ सालीं महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज त्या वेळच्या शेगांवीं, म्हणजे १९४० सालीं ज्याचें नांव सेवाग्राम झालें त्या गांवीं, येऊन राहिले होते. त्यांच्या हातीं खंजिरी असे. खेड्यापाड्यांत मोठमोठे समुदाय त्या एका खंजिरीच्या ठेक्यावर डोलत, आणि त्या डोलण्यांतूनच व्यसनमुक्तीचा व ग्रामसेवेचा उपदेश अंतःकरणांत उतरत असे. ठेका स्वतः सात्त्विक नसतो कीं तामस नसतो. तो ज्याच्या हातीं असेल त्याचें काम करतो.

परंतु येथेंच वडीलधाऱ्यांचा खरा आक्षेप पुढें येतो, आणि तो आवाजाविषयींचा नाहीं; तो व्यसनांविषयींचा आहे. ज्या जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे, तेथील आईबापांनीं मुलाच्या खांद्यावर गिटार पाहून धास्तावावें, ह्यांत अस्वाभाविक असें कांहीं नाहीं. रॉकचा इतिहास ह्या बाबतींत निर्मळ नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या 'एसी/डीसी' ह्या वाद्यवृंदाचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारींत लंडन येथें अति मद्यपानानें मरण पावला. त्याचें वय तेहतीस होतें. इंग्लंडच्या 'डीप पर्पल'मध्यें वाजविलेला अमेरिकन गिटारवादक टॉमी बोलिन १९७६ च्या डिसेंबरांत मादक द्रव्यांना बळी पडला. तो तर पंचवीसच वर्षांचा होता. असल्या मृत्यूंना कलेचें तेज चढविण्याची एक वाईट खोड वर्तमानपत्रांना असते. त्यांत तेज कसलेंहि नसतें. असतो तो निव्वळ नाश.

मात्र त्याच इतिहासांत दुसरेंहि एक प्रकरण आहे, आणि तें दारूबंदीच्या जिल्ह्यानें मुद्दाम वाचावें असें आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १९७० सालीं 'एरोस्मिथ' हा वाद्यवृंद स्थापन झाला. १९७५ व १९७६ सालच्या त्याच्या गीतसंग्रहांनीं त्याला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. त्या लोकप्रियतेबरोबर मादक द्रव्यें आलीं, मादक द्रव्यांबरोबर भांडणें आलीं. १९७९ सालीं गिटारवादक जो पेरी निघून गेला, १९८१ सालीं दुसरा गिटारवादक ब्रॅड व्हिटफर्ड गेला. १९८४ सालीं दोघेहि परतले. मूळचे पांचहि जण एकत्र आल्यामुळें आतां सर्व सुरळीत होईल, असें पुष्कळांना वाटलें. १९८५ सालीं त्यांचा नवा संग्रह निघाला, पण त्याला अपेक्षेप्रमाणें यश आलें नाहीं. माणसें परतलीं होतीं, परंतु व्यसनेंहि त्यांच्याबरोबर परतलीं होतीं.

त्यानंतर ह्या मंडळींनीं जें केलें तें खऱ्या अर्थानें धाडसाचें होतें. त्यांनीं व्यसनमुक्तीसाठीं रीतसर उपचार घेतले. मग कॅनडांतील व्हँकूव्हर येथें जाऊन, ब्रूस फेअरबेर्न ह्या निर्मात्याच्या देखरेखीखालीं, त्यांनीं 'पर्मनंट व्हेकेशन' हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. आपलें गाणें आपणच रचणार हा जुना अभिमान बाजूला ठेवून त्यांनीं बाहेरच्या गीतकारांची मदत घेतली. १९८७ च्या ऑगस्टांत हा संग्रह निघाला, आणि पुढें एकट्या अमेरिकेंतच त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्याची नोंद झाली. नशेंत असतांनाच कल्पना सुचतात, ही जी एक वेडगळ समजूत कलावंतांत पसरलेली आहे, तिला ह्याहून सणसणीत उत्तर कोणत्याहि व्याख्यानपीठावरून मिळालेलें नाहीं. नशेनें त्या वाद्यवृंदाला बुडविलें; शुद्धीनें त्याला वर काढलें.

'एसी/डीसी'चें पुनरागमन निराळ्या प्रकारचें होतें. गायकाच्या मृत्यूनंतर त्यांनीं ब्रायन जॉन्सन ह्या नव्या गायकाला घेतलें व सुमारें पांच महिन्यांनीं, १९८० च्या जुलैंत, 'बॅक इन ब्लॅक' हा संग्रह काढला. त्याचें वेष्टन शोकाची खूण म्हणून संपूर्ण काळें ठेवलें होतें, आणि पहिल्या गाण्याचा आरंभ संथ घंटानादानें होतो. जगांत सर्वाधिक खपलेल्या गीतसंग्रहांत त्याची गणना होते. 'डीप पर्पल'च्या विख्यात पांच जणांची फळी १९७३ सालीं फुटली होती. ती अकरा वर्षांनंतर १९८४ सालीं जुळली व तिनें 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा संग्रह दिला. ह्या तीन उदाहरणांवरून असें दिसून येईल कीं, परतण्याचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाला व्यसनावर मात करावी लागते, दुसऱ्याला शोकावर, तिसऱ्याला आपसांतील वैमनस्यावर.

आतां मुंबईकडे वळूं. १९८४ सालीं त्या शहरांत 'रॉक मशीन' नांवाचा वाद्यवृंद उभा राहिला. त्या काळीं भारतांतील बहुतेक रॉक-वादक महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून परदेशी वाद्यवृंदांचीं गाणीं जशींच्या तशीं वाजवीत असत. श्रोत्यांनाहि तेंच हवें असे. नक्कल जितकी हुबेहूब तितकी टाळी मोठी. धोबी तलावाजवळील रंगभवन हें उघडें नाट्यगृह अशा तरुणांचें मोठें तीर्थ होतें. पुढें शांतता-क्षेत्राच्या निर्बंधांमुळें तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. अशा वातावरणांत 'रॉक मशीन'नें स्वतः रचलेलीं गाणीं म्हणण्याचा हट्ट धरला. उदय बेनेगल हे गायक, महेश तिनाईकर हे गिटारवादक, झुबिन बालापोरिया हे कळफलकाच्या वाद्यांचे वादक, ही त्यांतील प्रमुख नांवें. १९८८ सालीं 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, १९९० सालीं 'द सेकंड कमिंग' हा दुसरा. 'दुसरें आगमन' असें नांव दुसऱ्याच संग्रहाला देतांना, खरें दुसरें आगमन पुढें बावीस वर्षांनीं व्हावयाचें आहे, ह्याची त्या तरुणांना कल्पनाहि नसेल.

१९९३ सालीं त्यांनीं नांव बदलून 'इंडस क्रीड' असें केलें. यंत्राच्या जागीं सिंधु नदी आली. १९९५ सालीं त्याच नांवाचा संग्रह निघाला. ह्या सुमारास उपग्रहाच्या द्वारें दूरचित्रवाणीच्या परदेशी वाहिन्या भारतांत पोहोंचल्या होत्या, आणि ह्या मंडळींचीं चित्रित गीतें त्यांवरून दिसूं लागलीं होतीं. आतां चांगले दिवस आले असें वाटावें, तोंच वारा फिरला. ज्या वाहिन्यांनीं त्यांना पडदा दिला, त्यांचाच ओढा थोड्या वर्षांत हिंदी गीतांकडे वळला. इंग्रजींतून गाणाऱ्या भारतीय वाद्यवृंदाला श्रोते मूठभर, रंगमंच मोजके, ध्वनिमुद्रण कंपन्यांचा उत्साह त्याहून कमी. १९९७ सालीं वाद्यवृंद मोडला. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तेथें जयेश गांधी ह्या जुन्या सोबत्याबरोबर त्यांनीं 'आम्स फॉर शांति' हा निराळा प्रयोग केला. बाकीचे आपापल्या मार्गानें गेले.

येथें एक प्रश्न स्वाभाविकपणेंच उभा राहतो. मुंबईच्या मुलांनीं इंग्रजी भाषेंत, परदेशी वाद्यांवर, परदेशी धाटणीचें गाणें म्हणावें, ह्यांत आपलें असें काय आहे? प्रश्न चुकीचा नाहीं. परंतु उत्तर देण्यापूर्वीं हार्मोनियमचा इतिहास आठवावा. हें वाद्य युरोपांतून आलें. त्यावर मींड निघत नाहीं आणि त्याचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नाहींत, अशा कारणांनीं १९४० सालीं खुद्द रेडिओनेंच त्यास बंदी केली. ती सुमारें तीस वर्षांनीं सैल झाली. मधल्या काळांत तें वाद्य कीर्तनांत, भजनांत, नाटकांत आणि घराघरांत इतकें मुरलें होतें कीं, त्याला परदेशी म्हणणाऱ्याकडेच लोकांनीं चमकून पाहिलें असतें. दक्षिणेंत व्हायोलिनचें असेंच झालें. कोणतें वाद्य आपलें आणि कोणतें परकें, ह्याचा निकाल वाद्याच्या जन्मगांवावरून लागत नाहीं. वाजविणाऱ्यानें त्यावर किती वर्षें घासली आणि स्वतःचें काय सांगितलें, ह्यावरून लागतो. ज्यानें केवळ नक्कल केली, तो तंबोऱ्यावरहि परकाच राहतो.

'इव्हॉल्व्ह' ह्या संग्रहाचें महत्त्व ह्याच ठिकाणीं आहे. २०१० सालीं हा वाद्यवृंद जुळला तेव्हां बेनेगल, तिनाईकर व बालापोरिया हे तिघे जुने होते. मंद्र गिटार वाजविणारे रुशाद मिस्त्री व तालवादक जय रो कवी हे दोघे नव्या पिढींतले होते. मध्यंतरीं सारेंच जग पालटलें होतें. त्यांनीं सुरुवात केली तेव्हां ध्वनिफितींचा जमाना होता. परतले तेव्हां फितीची पेटी घरोघर माळ्यावर गेली होती आणि गाणीं संगणकांतून व दूरध्वनींतून फिरूं लागलीं होतीं. अशा वेळीं सोपा मार्ग एकच असतो. जुनीं चार लोकप्रिय गाणीं पुन्हां वाजवावीं, चाळिशींतल्या श्रोत्यांना त्यांच्या महाविद्यालयाची आठवण करून द्यावी, आणि बिदागी घेऊन घरीं जावें. असल्या कार्यक्रमांना गर्दीहि होते. परंतु आठवण विकणें निराळें आणि गाणें करणें निराळें. ह्या मंडळींनीं नवीं गाणीं रचण्याचा अवघड मार्ग पत्करला, आणि आपल्या संग्रहाला नांव दिलें 'उत्क्रांत व्हा' अशा अर्थाचें.

नवीं गाणीं रचून ध्वनिमुद्रण-गृहांत जाणें ही कसोटी कां आहे, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजाननें पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हां कर्ण्यासमोर उभें राहून अवघ्या तीन मिनिटांच्या आसपास गाणें संपवावें लागे. चूक झाली तर तबकडी वायां. आज प्रत्येक वाद्य व प्रत्येक कंठ स्वतंत्रपणें मुद्रित होतो, हवा तितक्या वेळां पुन्हां मुद्रित करतां येतो, आणि मग त्या सर्वांचें मिश्रण केलें जातें. ह्या मिश्रणाचें काम स्वयंपाकांतील चवीसारखें आहे; सामान तेंच असतें, पण प्रमाण ठरविणारा हात निराळा असला कीं पदार्थ निराळा होतो. 'इव्हॉल्व्ह'चें मिश्रण टिम पामर ह्या परदेशांतील नाणावलेल्या तज्ज्ञाकडून करून घेतलें होतें. रंगमंचावर दिवे असतात, गर्दी असते, जुन्या ओळखीचा जिव्हाळा असतो. गायकाचा दम कमी पडला तर श्रोतेच ओळ पुरी करतात. ध्वनिमुद्रण-गृहांतील काचेच्या खोलींत ह्यांपैकीं कांहींहि नसतें. तेथें स्वर आणि त्याची सच्चाई एवढेंच उरतें. म्हणून पुनरागमनाची खरी परीक्षा सभागृहांतील टाळ्यांनीं होत नाहीं. ती त्या शांत खोलींत होते.

ह्या परीक्षेंत ते उतरले असें जें म्हटलें जातें, त्याचा अर्थ खपाच्या आंकड्यांत शोधूं नये. 'एरोस्मिथ'च्या पन्नास लाखांशीं भारतांतील इंग्रजी रॉकची बरोबरी होणें शक्यच नाहीं. त्यांचें यश दुसऱ्या प्रकारचें होतें. त्यांचे पहिले संग्रह निघाले तेव्हां जीं मुलें पाळण्यांत होतीं किंवा जन्मलींहि नव्हतीं, त्यांच्यापुढें हें नवें गाणें उभें राहिलें. गाण्यांची ठेवण अधिक गुंतागुंतीची झाली होती, गतीपेक्षां वजनावर भर होता, आणि पूर्वीं जेथें आवेश होता तेथें आतां विचार होता. मध्यमवयीन माणसानें मध्यमवयीन माणसासारखें गावें आणि तरीहि तें तरुणांनीं ऐकावें, हें यश लहान नव्हे.

श्रोतेहो, ह्या कथेचा संबंध केवळ गिटार वाजविणाऱ्यांशीं आहे असें मानण्याचें कारण नाहीं. सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांपैकीं असें घर विरळा, जेथें कोणी ना कोणी आपली कला अर्ध्यावर सोडलेली नाहीं. कोठें लग्नानंतर सतारीला गवसणी चढली ती उतरलीच नाहीं. कोठें नोकरीच्या बदल्यांत तबल्याची शाई उडाली. कोठें परीक्षेच्या नांवाखालीं मुलाची गिटार कपाटावर गेली. सोडण्याचीं कारणें त्या त्या वेळीं खरींच असतात. संसार खोटा नसतो, आजार खोटा नसतो, बाजाराची पाठ फिरणेंहि खोटें नसतें. खोटी असते ती एकच समजूत, कीं एकदां सुटलेलें तें कायमचें सुटलें.

परतणाऱ्यासाठीं ह्या साऱ्या उदाहरणांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जें कारण एकदां बुडवून गेलें त्याचें निवारण आधीं झालें पाहिजे. 'एरोस्मिथ'चे पांच जण १९८४ सालीं एकत्र आले, पण पुनरागमन झालें तें १९८७ सालीं, आणि मधलीं तीन वर्षें ह्या एका धड्याचीं होतीं. दुसरी, बरोबर नवीं माणसें घ्यावींत. ज्यांना आपला गत काळ ठाऊक नाहीं, अशांच्या कानांवर आपलें आजचें गाणें तपासून पाहावें. तिसरी, जेथून सोडलें तेथूनच पुढें सुरू करण्याचा हट्ट धरूं नये. मधलीं वर्षें वायां गेलीं असें समजून जो त्यांना पुसून टाकूं पाहतो, त्याचें गाणें पोरकट होतें. जो त्यांना गाण्यांत घेतो, त्याचें गाणें प्रौढ होतें. कुमार गंधर्वांनीं माळव्यांत अंथरुणावर काढलेलीं वर्षें त्यांच्या गाण्याबाहेर ठेवलीं नाहींत.

राहतां राहिला प्रश्न आईबापांच्या धास्तीचा. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास जी शिक्षण-परिषद भरली, तिनें हाताच्या कामांतून शिक्षण ह्या तत्त्वाचा पुरस्कार केला होता. वाद्य हें हाताचेंच काम आहे. रोज दोन तास बोटांना घट्टे पडेपर्यंत तार दाबून धरणारा मुलगा निरुद्योगी नसतो; चुकीचा स्वर स्वतःच्याच कानांनीं ओळखून तो स्वतःच दुरुस्त करावयाचा, ही शिस्त कोणत्याहि शाळेंतील छडीपेक्षां कडक आहे. त्याच्या सोबत्यांवर नजर ठेवावी, रात्रीच्या वेळेचें बंधन घालावें, शेजाऱ्यांच्या झोपेचा मान राखावयास शिकवावें, हें सर्व योग्यच आहे. परंतु व्यसनाच्या भयानें वाद्यच हिरावून घेणें म्हणजे विंचवाच्या भयानें घरांतील दिवा मालविण्यासारखें आहे. विंचू अंधारांतच अधिक फिरतात.

कलावंताचें पहिलें आगमन बहुतांशीं दैवाच्या आणि वयाच्या हातीं असतें. तारुण्य आपल्या जोरावर माणसाला रंगमंचावर लोटतें, व श्रोतेहि त्या जोराला दाद देतात. दुसरें आगमन मात्र माणसाला स्वतःच्या पायांनीं चालत करावें लागतें, आणि म्हणूनच त्याचें मोल अधिक. ज्या समाजांत अशा परतणाऱ्यांना दार उघडें असतें, त्या समाजांत कला सहसा मरत नाहीं. माळ्यावरची गवसणी झटकण्यास मुहूर्त लागत नाहीं. लागतें तें थोडें तेल, नवी तार, आणि पहिले कांहीं दिवस बेसूर ऐकून घेण्याची घरच्यांची तयारी.